हिचं स्वावलंबन ही माझी जबाबदारी

४ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

आज दुपारी ही हॉस्पिटलमधून घरी येणार. खुब्याचा सांधा नवा बसवलाय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन उत्तम झालंय, आता सगळं घरच्यांच्या हातात. म्हणजे माझ्या. माणूस बघूनच बोलले असणार. आयुष्यभर कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. माझ्या काळात एकाही कामगाराचं बोट गेलं नाही. एकाचं गेलं, पण तो त्या दिवशी सुट्टीवर होता आणि घरी लाकूड कापत होता. तो धरत नाही.

ही पडली तेव्हाही मी दक्षच होतो. ओल्या फरशीवरून बादली घेऊन चालली होती. मी मागून जोरात ओरडलो, सांभाळ! ही दचकून वळली आणि पडली. म्हणजे इशारा अगदी वेळेवर दिला होता. पण या घरात माझं ऐकतंय कोण?

तयारी पूर्ण. सगळ्या उंबऱ्यांवर पिवळी-काळी पट्टी. बाथरूमच्या दारावर 'थांबा, पाहा, मगच पाऊल टाका'. फ्रिजवर 'वाकू नका'. कारखान्यातली शिट्टी कपाटातून शोधून काढली आणि गळ्यात अडकवली.

संकल्प: हिला पुन्हा स्वतःच्या पायावर उभं करायचं. त्यासाठी सहा आठवडे हिला इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ

ही आली. वॉकरचं चाक पहिल्याच पट्टीला चिकटलं. पट्टी उखडली आणि चाकाभोवती गुंडाळत गेली. ही म्हणाली, अहो, हे घर आहे की इथे कुणाचा खून झालाय? थकव्यामुळे चिडचिड होते, असं हॉस्पिटलच्या पत्रकात लिहिलेलं आहे. मी मनावर घेतलं नाही.

मुलीचा व्हिडिओ कॉल आला. लांब राहते, वर्षातून एकदा येते. म्हणाली, बाबा, आईला तिचं तिचं करू द्या हं. मुलांना लांबून सगळं सोपं दिसतं.

६ फेब्रुवारी

सकाळी हॉस्पिटलची बाई आली. ऑपरेशननंतर माणसाला घरात पुन्हा आपलं आपण सगळं करता यावं म्हणून त्यांची ही सेवा आहे. सहा आठवडे घरी यायचं, मग बंद. मला वाटलं होतं, बाई आल्या आल्या कंबर कसून कामाला लागेल. तिने चपला काढल्या, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि हाताची घडी घातली. म्हणाली, काकू, चहा करता ना?

हिने वॉकर ओट्याला लावला आणि चहाला सुरुवात केली. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता. मी उठलो. बाई म्हणाली, काका, बसा. दूध फ्रिजमध्ये. मी उठलो. काका, बसा. गाळणं खाली पडलं तेव्हा मात्र राहवेना, धावलोच. तिने नुसती मान हलवली आणि मी, मलाच कळेना का, जागच्या जागी थांबलो. हिने लांब दांड्याच्या चिमट्याने गाळणं उचललं, धुतलं आणि चहा गाळला. चहा होईपर्यंत बाई ढिम्म. आमच्याकडे असं उभं राहणाऱ्याला मेमो मिळायचा. मी तिचं नाव घडीबाई ठेवलंय.

चहा पिताना तिने विचारलं, सहा आठवड्यांनी काय काय जमायला हवं? मी भराभर सांगितलं: जिना, बाथरूम, आगीच्या वेळी बाहेर पडणं. घडीबाई म्हणाली, काका, मी काकूंना विचारलं. हिने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, मला दोन तास या घरात एकटीला राहायचंय. बस, एवढंच.

मला भरून आलं. एवढ्या दुखण्यातही हिला माझी काळजी. मला घरात अडकून पडावं लागू नये म्हणून ही एकटं राहायची तयारी करणार. घडीबाई ओठ आवळून कपात बघत होती. असल्या लोकांना नवराबायकोच्या भावना काय कळणार?

९ फेब्रुवारी

चहाला हिला फार वेळ लागतो. उपाय काढला. घडीबाई यायच्या आत चहा करून थर्मासमध्ये भरला आणि थर्मास मिक्सरमागे लपवला. हिने फक्त ओतायचं. प्रगती झटपट दिसेल, हिचा हुरूप वाढेल.

घडीबाईने घोट घेतला आणि म्हणाली, काकू, गॅस न पेटवता चहा? कमालच आहे. ही म्हणाली, मी नाही हो केला. आमच्याकडे भूत आहे. गळ्यात शिट्टी घालून फिरतं. दोघी हसत बसल्या. आपण मरमर मरायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं.

११ फेब्रुवारी

मोज्यांचा प्रश्न. हिला अजून पायापर्यंत वाकायची मनाई आहे, म्हणून घडीबाईने एक प्लॅस्टिकचं पन्हाळं, म्हणजे उभी कापलेली अर्धी नळी, आणलंय. दोन बाजूंना दोऱ्या. त्यावर मोजा चढवायचा, पन्हाळं जमिनीवर टाकायचं, त्यात पाय घालायचा आणि दोऱ्या ओढायच्या. एका मोज्याला एवढा खटाटोप! मी पहाटेच, ही झोपेत असताना, दोन्ही मोजे घालून टाकले.

घडीबाई आली, पाय बघितले आणि म्हणाली, काढा. ही चिमट्याने काढायला लागली. मग पन्हाळं. मोजा निसटला. पुन्हा लावला. तिरका झाला. पुन्हा. मी तळहातावर नखं रुतवून बसलो होतो. ही किंचित पुढे झुकली तशी माझ्याकडून शिट्टी वाजली. सवय. ही दचकली, मोजा उडाला तो माझ्या चहात. मग हिने शांतपणे लांब चिमटा पुढे केला, माझ्या गळ्यातली शिट्टी दोरीसकट काढली आणि कचऱ्याच्या डब्यात सोडली. घडीबाई म्हणाली, काकू, पकड छान सुधारलीय.

त्यानंतर हिने मोजा घातला. टाचेवर सुरकुती राहिली होती. मी काही बोललो नाही, याची इथे नोंद असावी.

नवा संकल्प: शिट्टी बंद. गरज पडल्यास टाळी.

१४ फेब्रुवारी

घडीबाईने आज मला घराबाहेर काढलं. दहा मिनिटं. म्हणाली, काकूंना एकटीने राहायचंय तर तुम्ही नको घरात. तर्क बिनचूक होता, म्हणून मान्य केलं.

वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्यात पोझिशन घेतली. कठड्यातून आमचं दार स्पष्ट दिसतं. आतून काहीच आवाज येईना, म्हणून हिला फोन केला. ठीक आहेस ना? ठीक आहे. थोड्या वेळाने पुन्हा केला. बसली आहेस ना? हो. तिसऱ्यांदा केला तर चुकून स्पीकर चालू झाला आणि रिंग, हिचा आवाज आणि मला आलेला खोकला सगळं एकदमच जिन्यात घुमलं. घडीबाईने दार उघडलं आणि वर बघितलं. म्हणाली, काका, बाहेर म्हणजे बाहेर. आणि मग मोठ्याने, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं: हाताची घडी, तोंडावर बोट!

समोरच्या फ्लॅटमधल्या डेंटिस्टने दार उघडून विचारलं की किल्ली विसरलात का. क्लिनिक घरातच आहे त्याचं. मी म्हणालो, निरीक्षण चाललंय.

१७ फेब्रुवारी

आज अर्धा तास. इमारतीच्या फाटकापाशी उभा राहिलो. हिला फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, नाही. लिफ्टची वाट न बघता जिना चढलो, किल्लीने दार उघडलं, आत धडकलो. ही खुर्चीत पाय लांब करून कादंबरी वाचत होती. फोन बेडरूममध्ये, उशीखाली. म्हणाली, सारखा वाजत होता म्हणून झोपवलाय. मला अर्धा तास बोलता येईना, एवढी धाप लागली होती. हिनेच पाणी आणून दिलं. वॉकर सरकवत, पेला वॉकरच्या पिशवीत ठेवून. मधे थोडं सांडलं.

घडीबाई आल्यावर तिने माझी किल्ली मागून घेतली. यापुढे बाहेर जाताना किल्ली घरात ठेवायची, येताना बेल वाजवायची, काकू दार उघडतील. फोनलाही बंदी. स्वतःच्या घराची बेल वाजवायची! आणि मी किल्ली दिली. हिच्या प्रगतीसाठी माणसाने किती म्हणून त्याग करावा?

२० फेब्रुवारी

मार्ग सापडला. डेंटिस्टच्या वेटिंग रूममधली कोपऱ्यातली खुर्ची. त्याचं दार दिवसभर उघडं असतं आणि त्या खुर्चीतून आमचं दार सरळ समोर. घराबाहेर तर घराबाहेर, पहारा तर पहारा. दहापासून बसलो. वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं, वरच्या कडेवरून नजर दारावर.

डेंटिस्ट बाहेर आला. म्हणाला, काका, बसा की, पण खुर्च्या पेशंटसाठी आहेत. मी म्हणालो, मग मी पेशंट. मुद्दा जिथल्या तिथे मिटवायची माझी जुनी पद्धत. त्याने आत नेऊन तोंडात टॉर्च मारला आणि एकेक दात ठोकून बघितला. मग विचारलं, याआधी कधी दाखवलं होतं? मी म्हणालो, दात मजबूत आहेत, कधी गरज पडली नाही. तो म्हणाला, सफाई, तीन दात भरणं, एक रूट कॅनाल आणि मागची दाढ बहुतेक काढावी लागेल. म्हणजे बऱ्याच फेऱ्या. मनातल्या मनात टाळी वाजवली. एका दगडात दोन पक्षी.

२४ फेब्रुवारी

दात साफ करून घेतले. आतल्या खुर्चीवरून आमचं दार दिसत नाही, हा एक तोटा. पण आधी आणि नंतर वेटिंग रूममध्ये भरपूर बसता येतं.

आज आमचं दार उघडलं. हिने वाकून... वाकून नव्हे, मान बाहेर काढून पॅसेजमध्ये पाहिलं. मला बघितलं. मी अंगठा वर केला. हिने दार लावून घेतलं. मला इतक्या जवळ बघून हिला आधार वाटला असणार.

गंमत म्हणजे डेंटिस्टने पुढच्या सगळ्या वेळा नेमक्या हिच्या एकटं राहण्याच्या वेळांनाच दिल्यात. मला सांगावंसुद्धा लागलं नाही. नशीब साथ देतं तेव्हा असं देतं.

१ मार्च

हिचा वॉकर सुटला, आता काठी. आंघोळ स्वतःची स्वतः. काल अंड्याचं आम्लेट केलं, एका हाताने ओटा धरून. मुलीचा फोन आला. आईचं कौतुक झालं, घडीबाईचं झालं. मी खाकरलो. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही काय करता मग दिवसभर? मी म्हणालो, सुपरव्हिजन. ती म्हणाली, म्हणजे? ही मागून म्हणाली, म्हणजे दात दुरुस्त करून घेतात.

३ मार्च

आज मॉक ड्रिल घेतलं. विषय: पडल्यावर उठायचं कसं? घडीबाई हे शिकवणारच होती, पण मी कारखान्यात शेकडो ड्रिलं घेतलीत. म्हटलं, मी प्रात्यक्षिक दाखवतो. हॉलच्या मधोमध सावकाश आडवा झालो. मग समजावलं की पहिली गोष्ट, घाबरायचं नाही. दुसरी गोष्ट, उठायचं.

उठता आलं नाही. फरशी गुळगुळीत होती. कुशीवर वळलो तर कमरेत चमक भरली. मी हात पुढे केला. घडीबाईने हाताची घडी घातली. हिच्याकडे बघितलं. हिने काठी काखेत धरली आणि स्वतःही घडी घातली! मग दोघी आलटून पालटून सांगायला लागल्या: काका, आधी कुशीवर. अहो, कोपरावर भार द्या. आता गुडघे. आता ती खुर्ची ओढा, तिच्यावर हात. घाई नको. श्वास घ्या. ही म्हणाली, छान, जमतंय तुम्हाला. हा वाक्प्रयोग घडीबाईचा आहे, ही तिच्याकडून उचलतेय.

शेवटी खुर्चीला धरून उभा राहिलो. पडलेल्या माणसाला उठायला किती त्रास होतो हे मी हिला अगदी हुबेहूब दाखवलं. ड्रिल यशस्वी.

८ मार्च

हिने आज बाथरूमच्या दाराला आतून कडी लावली. घरी आल्यापासून पहिल्यांदा. दार नुसतं लोटून घे, असं मी नेहमी सांगतो. कडीचा आवाज ऐकला आणि मी बाहेर स्टूल टाकून बसलो. पाण्याचा आवाज येत होता तोवर बरं होतं. मग थांबला. मी दाराला कान लावला. हळूच हाक मारली. आतून ही म्हणाली, अहो, साबण लावतेय, साबणाला आवाज नसतो.

इथे कुणी वाचणारं नाही, म्हणून लिहितो. मला भीती वाटते. ही हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा घरात मी एकटाच होतो. स्वयंपाकघरातून काहीच आवाज येत नाही हे सहन होईना, म्हणून मी तिथला नळ सोडून ठेवायचो आणि बाहेर येऊन पेपर वाचायचो. वरची टाकी रिकामी झाली, सगळ्या इमारतीचं पाणी गेलं. सोसायटीचे सेक्रेटरी तणतणत आले. गळती होती म्हणून सांगितलं. पेपरातलंही काही आठवत नाही.

ही बाहेर आली, केस ओले, चेहरा लालबुंद, आणि खूश. मला स्टुलावर बघून म्हणाली, तुम्ही कशाला बसलात इथे? म्हटलं, कडी नीट लागते का बघत होतो.

१२ मार्च

रूट कॅनाल संपलं. उरली दाढ. ती १६ तारखेला, दहाला. १६ तारखेलाच घडीबाईची शेवटची भेट आणि हिची फायनल: दहा ते बारा, सलग दोन तास घरात एकटी. बाराला घडीबाई येणार, मीही तेव्हाच बेल वाजवायची, त्याआधी नाही. आतापर्यंत दीड तासापर्यंत मजल गेलीय.

हिला म्हणालो, दडपण घेऊ नकोस, मी समोरच आहे. ही म्हणाली, माहीत आहे. अख्ख्या इमारतीला माहीत आहे.

१६ मार्च, सकाळी ९.४०

मोठा दिवस. ही शांत. नवी साडी नेसलीय. घरात बसायला नवी साडी कशाला विचारलं, तर म्हणाली, फायनल आहे ना? किल्ली खुंटीला लावली. निघतो.

१०.१५

वेटिंग रूम. दारावर नजर. सर्व काही सुरळीत. डेंटिस्टने आत बोलावलंय.

संध्याकाळी ७

नोंद करणं भाग आहे. सत्य कटू असलं तरी सेफ्टी ऑफिसर रिपोर्ट टाळत नाही.

दाढ हट्टी निघाली. खूप खेचाखेच झाली. बाहेर आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. अर्धा चेहरा बधिर, तोंडात कापसाचा बोळा, बोलायला मनाई. खुर्चीत बसलो. समोरचं दार बंद. बाराला अजून अवकाश होता, पण एवढं मोठं दिव्य करून आल्यावर हिला एकदा बघावंसं वाटलं. नियम मोडायचा म्हणून नव्हे. बेल वाजवली.

उत्तर नाही. पुन्हा वाजवली. नाही. दार ठोठावलं. हिचा मोबाईल लावला. रिंग आतून ऐकू येत होती. वाजली, वाजली, थांबली. हाक मारायला गेलो तर तोंडातून नुसतं ऑंव ऑंव निघालं.

डोळ्यांपुढे काय काय आलं ते लिहीत नाही.

खाली कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे धावलो. तो काय झालं म्हणाला. मी ऑंव ऑंव केलं आणि वर बोट दाखवलं. त्याने माझ्या शर्टावरचं रक्त बघितलं आणि म्हणाला, दाताचा डॉक्टर ना? तिसरा मजला, लिफ्टने जा. मी त्याची बॅग उचलली आणि पळत सुटलो. मग तो मागोमाग आलाच.

कुलूप मी स्वतः निवडलेलं. त्याने बराच वेळ झटापट केली, मग ड्रिल लावलं. म्हणाला, साहेब, एवढं कडक कुलूप घरांना कुणी बसवत नाही. त्याही अवस्थेत क्षणभर बरं वाटलं. तोवर डेंटिस्ट, त्याचे दोन पेशंट आणि वरच्या मजल्यावरच्या बाई असे सगळे जमले. दार उघडलं तेव्हा कुलपाच्या जागी भोक होतं.

घर रिकामं. बाथरूम रिकामं, कडी उघडी. पलंगाखाली बघितलं. कपाटात बघितलं. का, कोण जाणे? खुर्चीवर कादंबरी उपडी, उशीखाली मोबाईल. मी हॉलच्या मधोमध फरशीवरच बसलो आणि रडायला लागलो. सगळ्यांसमोर. बधिर तोंडाने रडताही धड येत नाही.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. कुणी बाई आली, आखूड कापलेले पांढरे केस, हातात काठी, खांद्याला पिशवी. गर्दीतून वाट काढायला लागली. मी हातानेच, आत येऊ नका, अशी खूण केली. ती म्हणाली, अहो, मी आहे. आणि हे दाराला काय झालं?

ही केस कापून आली होती. रस्त्यापलीकडच्या पार्लरमध्ये, एकटी जाऊन, रस्ता ओलांडून. आणि हे पहिल्यांदाच नव्हतं! माझी सफाई चालली होती तेव्हा ही फाटकापर्यंत जाऊन आली. मी खुर्चीत आ करून पडलो होतो तेव्हा ही माझ्या मागून लिफ्टने गेली. पहिलं फिलिंग, औषधाच्या दुकानापर्यंत. रूट कॅनाल, बागेतला बाक. डेंटिस्टला हिनेच फोन करून वेळा जुळवून घेतल्या होत्या. तो आता छताकडे बघत होता. म्हणाला, काका, दात मात्र खरंच खराब होते हो.

हिला मी खुणेने विचारलं, का? ही म्हणाली, घरात एकटी बसून बघितलं आधी. इतकं छान वाटलं. मग म्हटलं, बाहेर एकटीने कसं वाटेल? एवढं बोलून हिने माझ्या शर्टावरचं रक्त बघितलं, पिशवीतून रुमाल काढून दिला. मला पुसायला सांगितलं. स्वतः पुसलं नाही.

बाराला घडीबाई आली. भोकातून आत बघितलं, मग दार ढकललं, मग हाताची घडी घातली. हिचे केस बघून तिने घडी सोडली आणि हिला मिठी मारली. म्हणाली, काकू, ठरलं होतं त्याच्या पुढे गेलात. माझं काम संपलं.

तिला लिफ्टपर्यंत सोडायला मीच गेलो. तोंडातला बोळा काढून शक्य तितक्या स्पष्ट विचारलं, अजून सहा आठवडे येता येणार नाही का? तिने विचारलं, कुणासाठी? मी म्हणालो, हिच्यासाठी. अर्थात हिच्यासाठी. तिने हाताची घडी घातली. लिफ्ट आली, ती तशीच उभी. मला बोलायला मदत केली नाही. लिफ्ट गेली, पुन्हा आली. मग गेली ती.

१८ मार्च, दुपारी ३

नवं कुलूप उद्या येणार. दाराला दोरी बांधून ठेवलीय, म्हणून घरात कुणीतरी थांबणं आवश्यक. ही म्हणाली, मग तुम्ही थांबा, मी लायब्ररीत जाऊन येते, दोन तासांत परत. मोबाईल नेणार नाही म्हणाली, सवय मोडलीय. मी म्हणालो, आनंदाने. सुरक्षा हा माझाच विषय. दोन तासांत माळा आवरणार, कपाटं लावणार, चहाचा थर्मास धुणार.

३.१०

ही गेली. माळ्यापर्यंत शिडी पोचत नाही.

३.२०

रेडिओ लावला.

३.३०

टीव्हीही लावला. दोन्हीत वेगवेगळं चाललंय, पण बरं वाटतं.

३.४०

डेंटिस्टकडे जाऊन आलो. त्याने पुन्हा टॉर्च मारला आणि म्हणाला, काका, आता तुमच्या तोंडात काहीही काम उरलेलं नाही. मनःपूर्वक सॉरी म्हणाला.

४.०५

खुर्ची पॅसेजमध्ये आणली. दाराची राखण इथून जास्त चांगली होते. लिफ्ट येते तेव्हा आधी खालून गुरगुरल्यासारखा आवाज येतो. पाचव्या मजल्यावरच्या लोकांना दिवसभर वर-खाली करण्यावाचून काही कामच नाही.

४.३०

ही नाही. पाचला यायचीय, त्यामुळे नसणारच.

५.००

ही नाही.

५.१०

आली. दोन पुस्तकं, थोडी दमलेली, केसांत वारा गेलेला. मी पॅसेजमध्ये खुर्चीत. विचारलं, कसे गेले दोन तास? मी म्हणालो, उत्तम. कळलंच नाही. ही आत गेली. काठी हातावर अडकवून आधी टीव्ही बंद केला, मग रेडिओ. थर्मास जागच्या जागी होता, तोही बघितला. मग बाहेर आली आणि माझ्या खुर्चीपाशी उभी राहिली.

म्हणाली, बरं, उद्या मी अर्धाच तास जाते. मग हळूहळू वाढवू.

मी म्हणालो, तुला झेपेल तसं.